धरलेली जागा

१ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! विमानात मान अवघडली, अंग आंबून गेलं, पण टॅक्सीनं नदीवरचा पूल ओलांडला आणि समोर ती करड्या छपरांची रांग दिसली, तेव्हा मी मागच्या सीटवर एकटीच टाळ्या वाजवल्या. टॅक्सीवाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. पाहू दे.

खूप वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मंडळींबरोबर सहलीला आले होते, तेव्हा हे शहर धड पाहिलंच नव्हतं. उतरा, फोटो काढा, चढा. सहलीचा म्होरक्या सारखा घड्याळ दाखवायचा. पण इथल्या चौकात आमची बस बिघडली आणि एक अख्खी दुपार पदरात पडली. ती दुपार मी इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरली. रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे बसून 'मला खिडकीजवळचीच द्या' म्हणून भांडणाऱ्यांना तोंड देताना माझ्या मनात हाच चौक असायचा. उभा जन्म लोकांना जागा देण्यात गेला. निवृत्त झाल्यावर पहिलं तिकीट स्वतःसाठी काढलं, ते इथलं.

माझ्या लेकीला, ठमीला, हे मुळीच पसंत नव्हतं. तिला सहावा लागलाय. जानेवारीत बाळंतपण आणि ते माझ्याकडेच. मी म्हटलं, एकदा आजी झाले की माझं पाऊल घराबाहेर पडायचं नाही, आत्ताच फिरून येऊ दे. परतीचं बावीस तारखेचं तिकीट दाखवलं, तेव्हा कुठे बाईसाहेबांचं फुगलेलं तोंड सरळ झालं. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना. जावईबापू सोन्यासारखे आहेत, पण अशा वेळी आईच लागते.

खोली झकास आहे. चौथा मजला, उतरतं छप्पर, एक पलंग, एक खुर्ची आणि थेट चौकावर उघडणारी खिडकी. घरमालकीण माझ्याच वयाची असेल. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलते, पण फार गोड. पलंगावरची चादर तिनं स्वतः घालून दिली, मला हातसुद्धा लावू दिला नाही. मग खिडकी उघडून खालचे दगडी बाक दाखवले आणि सांगितलं की चालून दमलीस की तिकडे खुशाल बस. तिसरा बाक सगळ्यात चांगला म्हणे, तिथे ऊन छान येतं. किती ती आपुलकी!

३ ऑक्टोबर

माझा नियम ठरलाय. रोज एकच गल्ली, पण ती चवीनं. काल घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची गल्ली केली. आज छत्रीवाल्याची. त्याच्या दारात मोडक्या छत्र्यांचे नुसते सांगाडे टांगलेले असतात आणि तो स्वतःही तितकाच हडकुळा आहे. मी हसले, तोही हसला. पुढे धुलाईचं दुकान, त्याच्या तळघराच्या जाळीतून गरम वाफ येते. तिथे उभी राहून पाय शेकून घेतले. कुणी 'चला, चला' म्हणायला नाही. याचसाठी केला होता अट्टाहास, असं म्हणून मी स्वतःशीच हसले.

चौकातली एक गंमत लक्षात आली. बंद पडलेल्या कारंज्याभोवती झाडांखाली बाक आहेत आणि प्रत्येकावर एकेकच म्हातारं माणूस बसलेलं असतं. शेजारी दोघातिघांची जागा मोकळी, पण गावातलं कुणी तिथे टेकत नाही. माणसं उभ्या उभ्या पाव खातात. एक बाई जड पिशव्या खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली, पण बसली नाही. केवढी ही शिस्त! आमच्या स्टेशनवरचे बाक आठवले आणि मान खाली गेली.

५ ऑक्टोबर

आज बसले शेवटी. तिसऱ्या बाकावर ऊन थेट डोळ्यांत येत होतं, म्हणून शेवटचा बाक गाठला. तिथला म्हातारा मला पाहून लगबगीनं सरकला. बाहीनं दगड पुसून दिला, हातानं 'या, या' म्हणाला. परदेशी माणसाची एवढी सरबराई आपल्याकडेही कुणी करत नाही.

टेकणार तेवढ्यात कॉफीची आठवण झाली. आता जागा जाऊ नये म्हणून काय करायचं? आपली खोड जाते थोडीच! पर्समधून रुमाल काढला आणि बाकावर टाकला. म्हाताऱ्याला खुणेनं म्हटलं, लक्ष ठेवा हं. त्यानं रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. म्हातारपणी डोळ्यांना पाणी येतंच.

कप घेऊन परतले तर म्हातारा जागेवर नाही. चौकातून पळत होता. चालत नव्हता, पळत होता, आणि मोठमोठ्यानं हसत होता. पळता पळता त्याची पाठ सरळ होत गेली. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तर तो मला चांगला तरणाताठा वाटला. उन्हानं डोळे दिपले असतील. अख्खा बाक मला एकटीला मिळाला आणि मी दुपारभर राणीसारखी बसले.

७ ऑक्टोबर

इथे माझी ओळख झालीय! कॉफीवाला न सांगता कप बाकावर आणून देतो. जाणारे येणारे मान लववतात. कुणी डोळ्याला डोळा देत नाही, पण नमस्कार मात्र करतात.

रुमाल विसरले होते, तो अजून तिथेच आहे. उचलायला गेले तर निघेना. दगडाला चिकटल्यासारखा झालाय. दव पडून पडून तसं झालं असेल.

सकाळी नदीकडे जायला निघाले आणि कुणाशी बोलण्यात गुंतले नव्हते, कुठे वळलेही नव्हते, तरी पोचले चौकात. पुन्हा निघाले. पुन्हा चौक. ठमी असती तर म्हणाली असती, आई, तू घरातल्या घरात हरवशील. दमून बाकावर बसले, तेव्हा बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

आजचं सगळं लिहून ठेवते.

घरमालकिणीला सकाळी सगळं कौतुकानं सांगितलं. बाक, रुमाल, पळणारा म्हातारा. तिच्या हातातला चमचा खाली पडला. तिनं एकच विचारलं, कुठला बाक? मी म्हटलं, शेवटचा. तर तिनं कपाळाला हात लावला.

मग सांगितलं. या चौकातला बाक रिकामा राहत नाही. त्याच्यावर बसलेल्याला सुटका नाही. दुसऱ्या कुणी आपलं कापड टाकून तिथली जागा धरली तरच पहिला उठतो. कधीपासून, कशासाठी, ते तिच्या आजीलाही माहीत नव्हतं. दगड सुरुवातीला सैल सोडतो, मग दावं आखडत जावं तसं रोज थोडं थोडं ओढून घेतो. गावातली पोरंटोरंसुद्धा तिथे टेकत नाहीत. म्हणून परक्या माणसांची वाट पाहायची.

तिसऱ्या बाकावर तिचा धाकटा भाऊ आहे. लग्न ठरलेला पोरगा, मित्रांशी पैज लावून त्यानं तिथे आपला कोट टाकला. मी खिडकीतून पाहिलं. तोंडाचं बोळकं झालेला, दगडाच्या रंगाचा म्हातारा. तिच्या वडिलांच्या वयाचा वाटतो. बाकावर सगळे असेच होतात म्हणाली, आपल्या माणसालाही चेहरा ओळखू येत नाही. ती रोज त्याला पाव नेऊन देते.

मी विचारलं, म्हणून परक्यांना खोली देतेस? म्हणून ती चादर, तो गोडवा? तिनं नजर खाली घेतली नाही. उलट मलाच म्हणाली, "तू तिसऱ्या बाकावर का नाही बसलीस गं?" आणि रडायला लागली. माझ्यासाठी नाही रडली. ते मला चांगलं कळलं.

वेडी आहे बाई. उद्याच निघते.

१० ऑक्टोबर

पुलापर्यंत गेले. पुलावर श्वास बंद झाला. छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं. टॅक्सीवाल्यानं काही न विचारता गाडी वळवली. खोलीवर नाही नेली, बाकापाशी नेली. हाताला धरून मला बसवलं आणि मान लववून गेला.

श्वास परत आला. बसल्यावरच आला.

१२ ऑक्टोबर

ठमीचा फोन. मी बोलत होते आणि ती नुसतं हॅलो, हॅलो, आई, आवाज येत नाहीये, म्हणत होती. ओरडले तरी तेच. ओरडताना कॉफीवाला शेजारी उभा होता, त्यानंही मान वर केली नाही. आवाज तोंडातून बाहेरच पडत नाही.

मग मेसेज केला. 'मी ठीक आहे. यायला उशीर होईल. काही झालं तरी तू इकडे येऊ नकोस.' पाठवला आणि लक्षात आलं की काय करून बसले. लहानपणापासून जे करू नकोस म्हटलं ते तिनं आधी केलंय.

दुसरा मेसेज लिहीपर्यंत फोन बंद पडला. चार्जर निघायच्या घाईत खोलीतच राहिलेला. आणि माझ्यानं जिना चढवत नाही आता. पहिल्या पायरीलाच पाय मागे येतात.

१५ ऑक्टोबर

घरमालकिणीनं खोलीत राहिलेला माझा स्वेटर खाली आणून दिला. चार्जरच्या खुणा केल्या, तिनं मान फिरवली. वर खिडकीत माझी चादर वाळत घातलीय. नवीन पाहुणा येणार असेल.

झोप नाही. भूक नाही. कॉफीवाल्याच्या किटलीत तोंड दिसलं. ते माझं नाही.

२२ ऑक्टोबर

आज माझं विमान होतं. दुपारी एक विमान छपरांवरून गेलं, ते दिसेनासं होईपर्यंत मान वर करून बघत राहिले. ठमी विमानतळावर आली असेल. जावईबापूंचं न ऐकता स्वतः आली असेल, सगळे बाहेर पडेपर्यंत थांबली असेल.

मला घरी जायचंय. देवा, मला फक्त घरी जायचंय.

२७ ऑक्टोबर

आज लाज सोडली. पाठीवर सॅक घेतलेली एक परकी मुलगी आली. विशी-बाविशीची. मी सरकले. बाहीनं दगड पुसला. हसले. हातानं 'ये, ये' केलं. तिनं अंगातलं जाकीट काढून बाकावर टाकायला हात पुढे केला आणि लांबून तिच्या मैत्रिणीनं हाक मारली. गेली.

मी रडले. चुकलं म्हणून नाही. गेली म्हणून. कुणाची तरी लेक होती ती, आणि माझी मलाच शिसारी आली, तरी उद्या पुन्हा कुणी आलं तर मी सरकणार आहे. मला माहीत आहे.

३ नोव्हेंबर

हात सारखा आपोआप हलतो. ये, ये. कुणी नसलं तरी. मी थांबवते, तरी हलतो.

बोटं जड. पेन धरवत नाही फार वेळ.

६ नोव्हेंबर

जानेवारी, जानेवारी. मी नाही, तर तिला तेल कोण लावणार, बाळाला न्हाऊ कोण घालणार

जावईबापूंना जमणार नाही

९ नोव्हेंबर

ठमी

चौकात ठमी आहे. खरंच ठमी. पोट केवढं पुढे आलंय. जावईबापू बरोबर आहेत. हातात माझा फोटो. कॉफीवाल्याला दाखवला, तो नाही म्हणाला. समोर बघ गं, समोर

घरमालकीण उतरली. फोटो पाहते. नाही म्हणते. आता ठमीच्या पाठीवरून हात फिरवतेय. जावईबापूंना लांब कुठेतरी दाखवतेय, पोलीस चौकीकडे बहुतेक. ते गेले. पळत गेले.

ठमीला बाक दाखवतेय. तिसरा. पोरीचे पाय सुजलेत, उभं राहवत नाही तिला — निघाली तिकडे —

नको. नको. ओरडले, आवाज नाही — हात वर केला, नको म्हणून जोरानं हलवला —

तिनं पाहिलं. थांबली. तिसऱ्या बाकावर नाही गेली. सुटली

इकडे वळली. मला बघून हसते. ओळख नाही डोळ्यांत. परकी म्हातारी बोलावतेय, असं वाटलं तिला. मी बोलावत नाहीये. हात थांबत नाही माझा — ये, ये करतोय —

आली. समोर आहे. काहीतरी विचारते, फोटो दाखवते. वही पुढे करते, तिला वाचायला — ती खाली बघतेय, दगड गार आहे, शाल काढली खांद्यावरून, गार दगडावर नाही बसायची, मीच शिकवलंय — घडी घालतेय —

पायांत मुंग्या येताहेत माझ्या. छाती मोकळी होतेय. देवा, मला बरं वाटतंय —

ठमे मी आई मोठ्या अक्षरात लिहिते बघ इकडे बघ टाकू नको शाल ठमे ब