खर्जाची बाई

सांता दोमितिल्ला मठ, बोलोन्या
३ मे १६८८

चिरंजीव ताद्देओ यास इप्पोलिताचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

चिरंजीव लिहिलं म्हणून नाक मुरडू नकोस. मी तुझ्याहून पाव तासाने मोठी आहे, आणि अडतीस वर्षं झाली तरी तो पाव तास तुला भरून काढता आलेला नाही. भेटीच्या खोलीत पुढचे तीन महिने कुणालाच यायला परवानगी नाही, तेव्हा पत्रावरच भागवू. हे पत्र आधी आमच्या मदर दोनाता वाचतील. त्यांनाही माझा नमस्कार.

बातमी अशी की बारा तारखेला आमच्या संतिणीचा सण आहे आणि सांजप्रार्थनेत खर्ज मी गाणार आहे. तू खुर्चीवरून पडला असशील, ऊठ. आमच्याकडे वरच्या पट्टीत गाणाऱ्या नऊजणी आहेत, मधल्या पट्टीत चार. खर्ज मात्र आजवर ऑर्गनच्या पायपट्ट्यांवरच निघायचा, कारण मठात पुरुष कुठून आणणार? परवा कोंबड्या भाजीच्या वाफ्यात शिरल्या म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. वर खिडकीत आमच्या ऑर्गनवाल्या सिस्टर पेलाजिया उभ्या होत्या. धावत खाली आल्या (एकसष्टाव्या वर्षी धावत!) आणि म्हणाल्या की पुन्हा ओरड बघू, पण या वेळी सावकाश.

घरी बाबा मला म्हणायचे की देवळात नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस, लोक हसतात. मठात आल्यावरही सोळा वर्षं मी ओठच हलवले. आता पेलाजियाबाई रोज तासभर माझ्याकडून एकेक सूर घोटून घेतात. मला रात्रीची झोप लागत नाही, आणि लागली तर स्वप्नात बाबा येतात.

तू ये. मठाच्या देवळात लोकांना मज्जाव नाही, आम्ही जाळीआडून गातो. डावीकडच्या खांबापाशी उभा राहा, तिथे जाळीतून आवाज चांगला उतरतो म्हणतात. आणि तुझं ते दांडगं वाद्य घरीच ठेव.

लोभ तुझ्यापाशी आहे तेवढा पुरे, वाढवून काय करणार.
इप्पोलिता


बोलोन्या, १४ मे १६८८

ती. ताईसाहेबांच्या सेवेशी (पाव तासाचा मान म्हणून) ताद्देओचा दंडवत, वि. वि.

मी आलो होतो. खांबापाशी जागा मिळाली नाही, कारण तिथे आधीच एका जाड्या वकिलाने ठाण मांडलं होतं. दारात उभं राहून ऐकलं.

तुझ्या वरच्या नऊजणी सुरेखच गायल्या. मग मधल्या चौघी आल्या, आणि मग खालून तू आलीस. ताई, वीस वर्षं मी मोठ्या देवळाच्या ताफ्यात व्हिओलोने वाजवतो आहे. खर्ज हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. तुझा पहिला सूर आला तेव्हा जमीन माझ्या तळव्यांना लागली, एवढंच सांगतो. वकिलाने मागे वळून पाहिलं. एक म्हातारी रडत होती, पण ती कशालाही रडते, मी तिला ओळखतो.

आता गंमत ऐक. दुसऱ्या दिवशी दुपारी ताफ्यातली मंडळी गुत्त्यात जेवायला बसली होती. सगळ्यांच्या तोंडी तोच आवाज. बाई एवढं खाली जाईल यावर कुणाचा विश्वास बसेना. मी तोंड गंभीर ठेवून सांगितलं की बाई कसली, मदरनी एक खाटीक दारूच्या पिंपात दडवून ठेवलाय आणि सणाला बाहेर काढतात. कर्णावाल्याच्या नाकातून रस्सा बाहेर आला. मदर दोनातांनी हे वाचलं असेल तर त्यांनी मोठ्या मनाने हसून घ्यावं.

बाबा असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही. मी मात्र सणाच्या रात्री घरी येऊन भिंतीशी टेकलेल्या माझ्या वाद्याकडे पाठ करून बसलो.

तुझ्या कृपेचा भुकेला,
ताद्देओ


सांता दोमितिल्ला, ३० मे १६८८

ताद्देओ यास,

आशीर्वाद पुढच्या वेळी.

मंगळवारी मठांवर देखरेख ठेवणारे पाद्री डॉन लात्तान्झियो चार माणसं घेऊन आले. त्यांच्याकडे निनावी चिठ्ठी आली होती की सांता दोमितिल्लात एक पुरुष लपवलेला आहे, धंद्याने खाटीक, राहायला पिंपात. त्यांनी तळघरातली अकराच्या अकरा पिंपं उघडली. बिछाने मोजले. कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा कंदील घालून पाहिलं. असली कल्पना कुठल्या शहाण्याला सुचली असेल याचा मी फार विचार केला नाही. मदरनी तुझं पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आहे. त्या अजून हसलेल्या नाहीत.

पिंपात खाटीक सापडला नाही म्हणून प्रकरण मिटलं असं समजू नकोस. मठात पुरुष असणं हा काय आरोप आहे ते तुला ठाऊक आहे. निकाल लागेपर्यंत गाणं बंद, ऑर्गनला कुलूप. आणि निकाल उलटा गेला तर कायमचंच बंद. मदर म्हणाल्या की आवाज या बाईचाच आहे, ऐकून खात्री करा. डॉन लात्तान्झियो म्हणाले की भेटीच्या खोलीत पुरुषासमोर गाण्याची सिस्टरला बंदी आहे, नियम मोडून नियम पाळल्याचा पुरावा कसा घेऊ? माणूस दुष्ट नाही. घाबरलेला आहे.

मुली रडतात. पेलाजियाबाई रडत नाहीत, जेवतही नाहीत. कुलपावर हात ठेवून बसतात. मला कुणी एक शब्द बोलत नाही, आणि तेच जड जातं.

मी परत नुसते ओठ हलवते आहे.
इप्पोलिता


बोलोन्या, ७ जून १६८८

ताई,

मान, पदवी काही लिहीत नाही, मी त्या लायकीचा नाही. मदर दोनातांनाही हे वाचून माझ्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणू दे.

तुझं पत्र मिळालं तसा मी उठून डॉन लात्तान्झियोंच्या दारात गेलो. दोन दिवस बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं की पिंप माझं, खाटीकही माझाच, जेवणाच्या टेबलावर जन्मलेला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं की तू वाजवतोस काय. मी म्हटलं, व्हिओलोने, खर्जातलं वाद्य. त्यावर ते कारकुनाला हळूच म्हणाले की माणूस सापडला.

हो, मीच तो, असं त्यांना वाटलं. मला तिथल्या तिथे गायला लावलं. तुला माहीत आहे माझा गळा. तीन सूर खाली उतरलो आणि चौथ्याला बकरी दाराच्या फटीत अडकल्यासारखा आवाज निघाला. कारकून तोंडावर कागद धरून हलत होता. डॉन लात्तान्झियोंनी मला थांबवलं, त्यांना त्रास होत होता. देवाने आपल्या दोघांच्या गळ्यांची घाईत अदलाबदल केली, तोच माझा बचाव झाला.

मग मी हिंमत करून सुचवलं. सांजप्रार्थना देवासाठी असते, तिला भेटीच्या खोलीचा नियम लागत नाही. देऊळ रिकामं करा, किल्ल्या तुमच्या खिशात ठेवा, दरवाजा दरवाजाला माणूस उभा करा आणि जाळीबाहेर एकटे बसून ऐका. शेवटी हो म्हणाले. सतरा तारखेला.

मला आत सोडणार नाहीत. मी रस्त्यापलीकडे उभा राहीन. ताई, ओठ हलवू नकोस. बाबांचं चुकलं होतं. आणि बाबा तसं म्हणायचे तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो, हे तू विसरली असशील, मी विसरलो नाही.

क्षमा मागत नाही, द्यायची तेव्हा दे.
ताद्देओ


सांता दोमितिल्ला, २५ जून १६८८

चि. ताद्देओ यास आशीर्वाद (बघ, दिले), वि. वि.

क्रमाने सांगते. देऊळ रिकामं, जाळीपलीकडे ते एकटे. वरच्या मुली गायल्या, मधल्या गायल्या, माझी ओळ आली आणि माझ्या तोंडातून हवासुद्धा निघाली नाही. ओठ मात्र हलत होते, चोख, बाबांना आवडलं असतं तसे. ओळ निघून गेली. मला दिसलं की मदरनी डोळे मिटले.

पेलाजियाबाईंनी पुढे वाजवलंच नाही. ऑर्गनवर तोच स्वर धरून बसल्या. किती वेळ, कुणास ठाऊक. मुली श्वास धरून उभ्या. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, स्वयंपाकघरात कुणी मीठ आणायला गेलेलं असावं आणि आपण वाट बघत थांबलेलं असावं, तसं. मग मी गायले. पहिल्या ओळीपासून, शेवटपर्यंत.

डॉन लात्तान्झियो उठून जाळीपाशी आले होते. किल्ल्या परत दिल्या आणि गेले. काल कागद आला. मठात पुरुष नाही. गाणं चालू राहावं. मात्र एवढ्या खालचा आवाज ऐकणाऱ्यांची चित्तं विचलित करतो, म्हणून चाळीस वर्षांच्या आतल्या सिस्टरने खर्ज गाऊ नये. आणि झाल्या बोभाट्याबद्दल मला दोन वर्षं पाहुणे बंद.

पेलाजियाबाईंनी सुचवलं की नोंदवहीत आकडा खोडून चाळीस करा, दोन वर्षांनी देवाचं काय बिघडतं. मदर म्हणाल्या की खोटं बोलत नाही हे सिद्ध करायलाच एवढं केलं, आता खोटं लिहू? पेलाजियाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला मदरचं पटलं, आणि पटल्याचा रागही आला.

तेव्हा चाळिशीची वाट बघणारी बोलोन्यातली मी एकटीच बाई. तूही माझ्याबरोबर म्हातारा होणार आहेस, उड्या मारू नकोस. हसणाऱ्यांत तू होतास हे मला चांगलं आठवतं. तू आठ वर्षांचा होतास आणि तुझ्या नाकाला शेंबूड होता. झालं गेलं.

मदर आज पहिल्यांदा हसल्या. बकरीच्या ओळीला.

तुझीच, पाव तास पुढे असलेली,
इप्पोलिता


बोलोन्या, १३ मे १६९०

ती. ताईसाहेबांस चाळिशीतल्या ताद्देओचा दंडवत, वि. वि.

काल मी दुपारपासूनच डाव्या खांबापाशी उभा होतो. वकील आला तेव्हा मी कोपर बाहेर काढून उभा राहिलो. मागच्या हिवाळ्यात पेलाजियाबाई गेल्या, आणि ऑर्गनवर आता कुणी नवी मुलगी आहे हे पहिल्या दोन स्वरांतच कळलं. हात चांगला आहे, थोडी घाई करते. तिने तुझ्या ओळीआधी मात्र घाई केली नाही. बाईंनीच सांगून ठेवलं असेल.

तू कशी गायलीस ते मी लिहिणार नाही. दोन वर्षांपूर्वीपेक्षा आवाज जड झालाय आणि त्यात कुणाला घाबरणं उरलेलं नाही. बाईंनी हे ऐकायला हवं होतं. घरी येऊन मी पहिल्यांदा तेच म्हटलं, भिंतीला.

डॉन लात्तान्झियो मागच्या बाकावर साध्या झग्यात बसले होते, कारकून नाही, कोणी नाही. प्रार्थना संपली तरी ते उठले नाहीत.

माझ्या शेजारी मोदेनाचा एक लोकरीचा व्यापारी होता. मध्येच त्याने माझी बाही ओढून विचारलं की हा खालचा गडी कोण आहे, कुठून आणलाय, काय घेतो. माझ्या तोंडाशी चार उत्तरं तयार होती, ताई, एकाहून एक बरी. त्यातलं एक तर असं होतं की तो व्यापारी मोदेनाला पोहोचेपर्यंत हसला असता.

मी काही बोललो नाही. मदर दोनातांना मुद्दाम सांग.

तुझी दोन वर्षं भरून भेटीची खोली जूनच्या शेवटच्या रविवारी उघडते असं ऐकतो. मी येतोच आहे, तोवर लोभ राहू दे.
ताद्देओ