अख्खा वर्ग पालथा

ब्यूट, १९ मार्च

प्रिय कॉरीताई,

तुझी पत्रं पोचली. फोन उचलत नाही म्हणून पत्रं, आणि पत्रांना उत्तर नाही म्हणून त्यात शिव्या. सगळं पोचलं. इकडे अजून बर्फ आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी तुझा आडमुठा भाऊ ठीक आहे.

खरंच ठीक आहे हं! थंडी सुरू झाल्यापासून व्यायामाला जातोय. हसू नकोस. जुन्या अग्निशमन केंद्रात आम्हा माजी सैनिकांचा वर्ग भरतो. शिकवणारी वांडा पूर्वी नौदलात होती. आवाज असा, की मेलेलाही उठून बैठका मारेल. पहिल्या दिवशी मी भिंतीला पाठ लावून उभा, तर म्हणते, "काय रे, भिंत पडेल म्हणून धरून ठेवलीयस?" पुढे मात्र तिनं माझ्या कलानं घेतलं.

आता झोप लागते. रोज नाही, पण लागते. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी कमी केली. वाईट स्वप्नं अजून पडतात, म्हणून समुपदेशकाकडे जाणंही सोडलेलं नाही. पण पळालं की छाती धडधडते आणि थांबलं की आपोआप शांत होते. धडधड म्हणजे दर वेळी संकट नव्हे, हे माझ्या अंगाला आत्ता कुठे कळायला लागलंय.

मागच्या मंगळवारची गंमत ऐक. आमच्यात डेल्बर्ट म्हणून व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेला म्हातारा आहे. त्याच्या हातून लोखंडी वजन निसटलं. धाडकन! भानावर आलो तेव्हा मी जमिनीवर पालथा, हात डोक्यावर. ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं. हळूच मान वर केली, तर अख्खा वर्ग पालथा! वांडासुद्धा. उभा एकटा डेल्बर्ट, कारण कानातलं यंत्र घरी विसरला होता. "अरे, वजन माझं पडलं, तुम्ही का लोळताय?"

वांडा पडल्या पडल्याच ओरडली, "आलोच आहोत खाली, तर काढा जोर!" काढले की. हसता हसता, डोळे पुसता पुसता. इराकहून परतल्यापासून मी असा हसलो नव्हतो.

आता जे टाळत होतो ते. तुझ्या सिग्नानं विचारलं होतं, "बाबा नाहीत, तर लग्नात चर्चमध्ये मला हात धरून नवऱ्यापर्यंत तू नेशील का?" मी उत्तरच दिलं नाही. पोरीला वाटलं असेल, मामाला आपली किंमत नाही. तसं नाही गं. मामाला भीती वाटते. काही आपटलं, फुगा फुटला आणि भर लग्नात मी असाच पालथा पडलो तर? चारचौघांत तिची शोभा होईल.

काल तिला फोन करून हे सगळं बोललो. मग म्हणाली, "मामा, तू पडलास तर मीपण शेजारी आडवी होईन. मळू दे झगा. फक्त जोर काढायला लावू नकोस, शिवण उसवेल." आईला तूच कळव, असंही म्हणाली.

तर कळवतो. मी येतोय.

तुझा ऑरिन,
नवरीचा मामा