डंकाची खोली

अण्णा, गेल्या आठवड्यात तुमची खोली बंद केली. कुलूप मीच लावलं. तुम्हाला जाऊन पंधराहून जास्त वर्षं झाली, तेव्हा तुमची परवानगी मागायचा प्रश्न नव्हता. तरी कुलूप लावून परत कोल्हापूरला येताना गाडीत मला सारखं वाटत होतं, की हे कुणीतरी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मग ते मीच सांगावं.

तुम्ही आपल्या ग्रामविकास केंद्राचे प्रमुख होतात आणि मी मंगळवार पेठेतल्या मास्तरांची पोर, नुकती समाजकार्याची पदवी घेऊन आलेली. पहिल्याच दिवशी तुम्ही मला वडगावच्या आठवडी बाजारात पाठवलंत. एका भाजीवाल्या आजीच्या शेजारी दिवसभर बसायचं आणि एकही प्रश्न विचारायचा नाही, एवढंच काम. संध्याकाळी मी वही भरून आणली. तुम्ही वही उघडलीही नाही. "तिनं तुला कायतरी इचारलं काय?" म्हणालात. मी म्हणाले, विचारलं, लग्न झालंय का आणि जेवलीस का. "मग झालं की," म्हणून तुम्ही टेबलावरचे कागद आवरायला लागलात. मला काही कळलं नाही. घरी जाऊन वडिलांना सांगितलं, की साहेब जरा विचित्र आहेत.

दोन वर्षांनी तुम्ही मला पहिलं स्वतंत्र काम दिलंत. वडगावच्या पलीकडच्या त्या गावात बायकांचा गट करायचा आणि मिरची कुटायचा डंक बसवायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते, मिरच्या वाळवून, भाजून बायका डंकावर घेऊन जातात. गावात डंक नव्हता, सगळ्यांना वडगाव गाठावं लागे. मी जिवाचं रान केलं. जागा शोधली, देवळाजवळची सरपंचांची शेड. वीज होती, पाणी होतं, पक्का रस्ता होता. उद्घाटनाला मी नवी साडी नेसले होते आणि भाषणात दोनदा अडखळले होते, ते तुम्ही नंतर महिनाभर करून दाखवत होतात.

महिन्याभरानं तुम्ही न सांगता गावात आलात. शेडच्या पायरीवर सकाळपासून दुपारपर्यंत बसलात. मला वाटत होतं, गर्दी बघून खूष आहात. मग उठून म्हणालात, "चल," आणि चालत गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत घेऊन गेलात. पहिल्याच दारात एक बाई उखळात मिरची कुटत होती. पदर नाकाला बांधलेला, डोळ्यांतून पाणी, हातात मुसळ. आमच्या यंत्रापासून ते दार फार तर दोनशे पावलांवर. तुम्ही उंबऱ्याबाहेर उकिडवे बसलात आणि विचारलंत, "मावशी, डंकावर का न्हाय गेलासा?" ती मुसळ न थांबवता म्हणाली, "आमचं आमी कुटतो की अण्णा. तिकडं कशाला उगं."  तिनं दिलेलं पाणी तुम्ही प्यालात. मीही प्याले.

परतताना जीपमध्ये बसायच्या आधी, भर रस्त्यात, माणसं बघत असताना तुम्ही मला बोललात. "लाईट बघितलीस, पाणी बघितलंस, रस्ता बघितलास. कुणाच्या दारातनं जायाला लागतंय ते बघितलंस?" मला राग आला. मी म्हणाले, गावच तसं आहे अण्णा, मी एकटी काय करणार? तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी आता नव्या पोरींना सांगते, पण तुमच्यासारखं जमत नाही. "गाव तसं हाय म्हणूनच तुला हितं धाडलंय. गाव चांगलं असतं तर आपलं काय काम हुतं?" त्या रात्री मी राजीनामा लिहिला. सकाळी तो पिशवीत घेऊन ऑफिसात आले, तर तुम्ही ग्रामपंचायतीला द्यायचं पत्र लिहून ठेवलेलं आणि खाली माझ्या सहीची जागा सोडलेली. राजीनाम्याचं तुम्हाला कधीच कळलं नाही.

गावठाण आणि वस्ती यांच्या मध्ये बालवाडीची एक रिकामी खोली होती. दोन्हीकडून तिथं सरळ येता यायचं, कुणाच्या अंगणातून जावं लागत नव्हतं. पंचायतीच्या तीन बैठकांनंतर ती मिळाली. डंक हलवला. पहिल्याच दिवशी ती उखळवाली मावशी मिरचीची पाटी घेऊन आली, तिच्या मागून वस्तीतल्या आणखी सहाजणी. आणि त्याच दिवसापासून गावठाणातल्या बायका यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं यायचं बंद. पुन्हा वडगावच्या एसटीत पाट्या चढायला लागल्या. मी रोज त्या खोलीत जाऊन बसायची. उन्हाळा सरत चाललेला. गटाच्या अध्यक्षीणबाई गावठाणातल्याच, त्या मला रस्त्यात भेटल्या की पदर सावरत म्हणायच्या, "येतो की म्याडम, जरा सवड हुंदे." मला वाटलं, संपलं. हरल्याची बातमी तुम्हाला कशी सांगायची, तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

बाराव्या की तेराव्या दिवशी, उन्हं चढायच्या आत, तुम्ही आलात. डोक्याला टॉवेल, खांद्यावर मिरचीचं पोतं. शिरोळकडच्या तुमच्या गावाहून इथपर्यंत येताना वाटेत किती डंक लागले असतील! पोतं खाली ठेवून तुम्ही रांगेत उभे राहिलात, त्या मावशीच्या मागे. मी तुम्हाला रांगेत पुढं घ्यायला आले, तर डोळे वटारलेत. मावशी बाजूला व्हायला लागली, तर तिला म्हणालात, "तुमचा नंबर हाय तर तुमी जावा की." तास-दीड तास तुम्ही उभे होतात. तेवढ्यात गावठाणातली सात-आठ माणसं काही ना काही निमित्त काढून खोलीवरून जाऊन आली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंना राहवलं नाही. लांबूनच त्यांनी विचारलं, "का वो पावणं, तुमच्याकडं डंक न्हाय व्हय?"

"हाय की," तुम्ही ओरडून सांगितलंत, "पण हितं लै बारीक पडतंय म्हणं!"

चार दिवसांनी त्या म्हाताऱ्या बाईच पहिल्यांदा आल्या. मग त्यांची सून, मग शेजारीण. मनं बदलली असं मी तेव्हाच्या अहवालात लिहिलं नाही आणि आजही म्हणणार नाही. कुणी पाटी जरा लांब ठेवायच्या, कुणी घरी जाऊन अंघोळ करायच्या, हे मला ठाऊक होतं. पण चटणी बारीक पडते हे गावभर झालं आणि रांग लागली. त्याच रांगेत पुढं वर्षानुवर्षं बायका एकमेकींच्या लेकींची बाळंतपणं बोलल्या, दुखणी बोलल्या, भांडल्यासुद्धा. एकमेकींशी भांडायला लागल्या तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, आता जमलं.

तुम्ही रांगेत उभे राहिलात त्या दिवशी तिखटाचा डबा घेऊन तुम्ही मला तुमच्या घरी जेवायला नेलंत. स्वयंपाकघरात तुमची आई, अव्वा, चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. तुमच्या घरी कांदा-लसूण चालत नसे, म्हणून नुसत्या मिरचीचं तिखट. अव्वांनी विचारलं, कुठनं कुटून आणलंस? तुम्ही सगळं सांगितलंत, रांगेत कोण पुढं होतं तेही. मी पाटावर आक्रसून बसलेली.  अव्वांनी आम्हाला वाढलं आणि स्वतः दूधभात घेतला. तुम्ही त्या तिखटात तेल घालून भाकरी खाल्लीत, आणि कान लाल होईपर्यंत पुन्हा मागून घेतलंत. दिवाळीत मी परत आले, तर अव्वांनी स्वतःच्या ताटात त्याच डब्यातलं तिखट घेतलं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "औंदा रंग बरा उतरलाय." तुम्ही माझ्याकडं बघून भुवया उडवल्यात. एवढंच.

आता तुमचं काम मी बघते. तीन जिल्हे, सत्तावीस माणसं, आणि दिवसातला अर्धा वेळ पडद्यावरच्या बैठका, ज्यात प्रत्येकजण "आवाज येतोय का?" विचारतो. तुम्हाला एक दिवसही सोसलं नसतं. गेल्या वर्षी हायवेजवळ मोठी शेड उभी करायचं ठरलं. पाच गावांचे गट एकत्र, भाजणी-कुटणी-पॅकिंग एका छताखाली, बाहेरच्या बाजारात जाणारा माल. केंद्राच्या विश्वस्त मंडळाची अट एकच, गावातली छोटी युनिटं बंद करायची. मी बाकी सगळ्या युनिटांना हो म्हटलं आणि त्या एका खोलीसाठी अडून बसले. सहा महिने फाईल दाबून ठेवली. खोली का राहिली पाहिजे यावर चार पानांचं टिपण लिहिलं, इतकं चांगलं, की वाचून माझेच डोळे भरले. आणि बायकांच्या सह्या घ्यायला गावात गेले.

गटाची अध्यक्ष आता त्या उखळवाल्या मावशीची सून आहे. स्कूटरवरून येते, हेल्मेट काखेत, बोलायला तुमच्याहून कडक. तिनं टिपण पूर्ण वाचलं. मग बाकीच्यांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "म्याडम, रागावणार नसशीला तर बोलतो."

"बोल की."

"ह्या खोलीत चौघीच उभ्या ऱ्हाऊ शकतोय. छत गळतंय. तिकडं चाळीसजणी लागणार हाईत, आमच्या पोरी लागणार हाईत. तुमाला अण्णांची खोली जपायची हाय, आमाला धंदा वाढवायचा हाय. माझ्या सासूनं हितं यायला काय काय सोसलं, मला ठावं हाय. पण आमी जलमभर हितंच ऱ्हावं म्हणून न्हाय सोसलं तिनं."

 मी इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं त्या एका क्षणी विसरले होते, अण्णा. जागा पाहिली होती, आठवण पाहिली होती, तुम्हाला पाहिलं होतं. त्यांना विचारलंच नव्हतं. मी टिपण परत घेतलं आणि दुमडून पर्समध्ये टाकलं. सह्या झाल्या, पण दुसऱ्या कागदावर, खोली बंद करायच्या.

नव्या शेडमध्ये सगळ्याजणी महिन्याभरापासून जातायत. सकाळी व्हॅन येते आणि खिडकीच्या जागेवरून रोज कटकट होते. गावठाणातली, वस्तीतली, पलीकडच्या गावची, सगळ्या मावशीच्या सुनेच्या हाताखाली काम करतात आणि तिच्या नावानं बोटं मोडतात, कारण ती कुणालाच सोडत नाही. आधीच्या अध्यक्षीणबाईंची नात तिथं पॅकिंगला आहे. उशीर झाला म्हणून परवा तिनं बोलणी खाल्ली आणि निमूट कामाला लागली. मी दारातून बघत होते. फार बरं वाटलं.

हे पत्र लिहून मी काय करणार? नृसिंहवाडीच्या अलीकडं तुमचं शेत होतं, निवृत्तीनंतर तिथं तुम्ही वांगी लावायचात. शेवटच्या भेटीत मी केंद्राचे प्रश्न घेऊन आले होते, तर तुम्ही तासभर वांग्यांवरच बोललात आणि पिशवी भरून दिलीत. आता ते शेतही दुसऱ्याचं आहे. तिथं पाठवून तो बिचारा काय करील?

एक राहिलं. सह्यांच्या दिवशी सगळं ठरल्यावर एका वयस्क बाईंनी हळूच विचारलं, "म्याडम, अण्णा असते तर काय म्हणाले असते वो?"  मला दिसत होतं, तीन-चारजणी अजून कचरतायत. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "जावा म्हणाले असते. मला तसं बोलून दाखवलंही होतं त्यांनी एकदा." सगळ्या सुटल्यासारख्या हसल्या.

तुम्ही असं कधीच बोलला नव्हतात. कदाचित माझ्याशी दोन दिवस भांडला असतात. जावा, हे माझंच म्हणणं होतं. एकटीनं म्हणायची भीती वाटली, म्हणून तुमच्या तोंडी घातलं.