शिवेवर ठेवलेली माया

१२ मार्च १९८५

पोहोचली बाप्पा एकदाची! ट्रेनिंगात मॅडम म्हणायच्या, सिस्टर लोकांनी शुद्ध लिहावं. पण रोजनिशी माही आहे, बोलते तसीच लिहीन. इथी कोण मार्क कापून राह्यलं?

चामोर्शीपर्यंत एसटी, पुढं पोचूभाऊची बैलबंडी. गुलाबू सारा रस्ता बैलाच्या शेपटीशी बोलत होती. चार वर्षांची पोट्टी, पण तोंडाले कुलूप नाई, आईवरच गेली. हवेत मोहाचा वास असा की न पिताच चढावी. उपकेंद्राले लागून आमची खोली, मागं मोहाचं झाड, पुढं बांबूचं कुंपण. मदतीले कलाबाई नावाची दाई आहे. तिनं आल्या आल्या लाखोरीचं वरण अन् भात आणून देला. दोघीही तुटून पडलो.

गावाच्या शिवेवर एक गंमत झाली. तिथी डहाळ्यांचा मोठा ढीग आहे. गावात येणाऱ्यानं हिरवी डहाळी तोडून त्याच्यावर ठेवायची अन् जे आत न्यायचं नाई ते मनात म्हणायचं. खरूज, भांडण, दारू, काहीही. ते तिथीच राह्यते म्हणे. पोचूभाऊनं आपली दाढदुखी ठेवली. गुलाबूनं काय ठेवलं ते सांगतच नाई. मी काय ठेवू? मागच्या दिवाळीत काविळीनं गुलाबूचे बाबा गेले, तवापासून माहं काळीज लोण्याचं झालं. त्यांच्यासारखी सायकल दिसली की रडू, पोरगी झोपेत हसली की रडू. सासरे म्हणाले, असी रडकी बाई जंगलात नोकरी काय करन. म्हणून मी डहाळी ठेवली अन् म्हणलं, माही माया राहू दे इथीच, मले नाई परवडत.

पोचूभाऊले हे सांगतलं. वाटलं हसन. तो काही हसला नाई, बैल हाकलले.

२३ मार्च

डहाळीनं काम केलं म्हणायचं! त्या दिवसापासून डोळ्यात टिपूस नाई. झोप असी की कलाबाईनं दार ठोकल्यावरच जाग येते. आज लसीले आलेले पोट्टे भोकाड पसरून राह्यले होते. आधी टोचताना माहेच डोळे भरायचे, आता सुई सपकन. बाया म्हणे, सिस्टर खंबीर आहे.

गुलाबूच्या बाबाचा फोटो पुसला. काच स्वच्छ झाली. बाकी काही वाटलं नाई.

गुलाबू कुशीत येते तर मले गरमी होते, मी लोटून देते. तिले सवय लागली पाह्यजे.

५ एप्रिल

मोहफुलांचे दिवस आहे, सारं गाव पहाटेपासून झाडाखाली. आज कलाबाईची सून मंगली माह्या पायाच पडली. म्हणे, काल दुपारभर तुम्ही माह्या तापल्या लेकराच्या उशाशी बसल्या, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, गाणं म्हणलं, माह्यासंग रडल्या पण.

काल दुपारी मी दुसऱ्या टोल्यावरच्या वस्तीत तापाच्या गोळ्या वाटत होती. पोचूभाऊ संग होता, विचारा त्याले. मी मंगलीले म्हणलं, तुले मोहाची चढली व. तिनं लेकराची शपथ घेतली. अन् गुलाबू मधीच म्हणाली, आईनं बाबाचं गाणं म्हणलं.

ते गाणं मी दिवाळीपासून म्हणलं नाई.

१४ एप्रिल

आज जयंती. हिरव्या काठाचं पांढरं पातळ नेसली, मेणबत्ती लावली. आमच्या घरी याहून मोठा सण नाई. गुलाबूनं बाबाच्या गाण्याचा हट्ट धरला अन् मी तिच्या गालावर ठेवून देली. पह्यल्यांदाच. पाचही बोटं उठली. मी वाट पाह्यली की आता माहं काळीज फाटन. काहीच नाई. उलट, लिहायले लाज वाटते, पण हाताले बरं वाटलं.

मग भर दुपारी, ऊन असं की भुई भाजावी, मागच्या खिडकीतून पाह्यलं. मोहाखाली एक बाई बसली होती, गुलाबू तिच्या मांडीवर. बाईच्या अंगावर हिरव्या काठाचं पांढरं पातळ. ती पोरीच्या गालाचे मुके घेऊन घेऊन रडत होती. तिनं मान वर केली.

माय व! मीच होती ती.

धावत गेली तवर गुलाबू एकटी. गालावरचे वळ गेलेले. गाल ओला.

२२ एप्रिल

पोचूभाऊले सारं सांगतलं. मग म्हणे, शिवेवर ठेवलेलं परत कोण मागते? खरूज कोणाले परत पाह्यजे? वाईटाले अंग नाई भेटलं की ते डहाळीसंग वाळून जाते. पण चांगलं आजवर कोणी ठेवलंच नाई, सिस्टरबाई. चांगलं कसं वाळन? अन् ते काढून ठेवल्यावर मागं जे उरलं — अन् तो उठून बैल सोडायले गेला.

मागं उरलेली मी आहे. येवढं समजते मले, येडी नाई मी.

तसीच शिवेवर गेली. ती ढिगाजवळ बसून होती. मी हात जोडले, म्हणलं, बाई, ये परत, माह्यात ये. ती माह्या तोंडाकडे पाहतच नव्हती, हाताकडे पाहत होती. मार खाल्लेलं कुत्रं काठीकडे पाह्यते तसी. मी एक पाऊल टाकलं की ती मागं सरके. माहीच माया, अन् मलेच भेते.

२९ एप्रिल

म्हातारा लहानू तापानं फणफणून आला. गोळ्या कपाटात होत्या. मी संपल्या म्हणून सांगतलं. काऊन? माहीत नाई. तो कण्हत गेला, अन् ते कण्हणं ऐकायले मी दारात उभी राह्यली.

सांजेले ती त्याच्या घरी गेली म्हणे, गोळ्या देल्या, पाय चेपले. लहानू साऱ्या गावाले सांगते, सिस्टर म्हणजे देवमाणूस.

४ मे

चुलीवर भात होता. गुलाबू पदर ओढत होती. हातात तापलेलं उलथनं — चुकून — नाई. खरं लिहीन. जाणून. तिच्या दंडावर.

ती माह्याकडे पाहून रडली नाई. मागच्या दारी गेली, झाडाकडे तोंड केलं अन् आई म्हणून हाक मारली.

मले रडायचं आहे. माह्या गुलाबूसाठी मले एकदा तरी रडायचं आहे. डोळे कोरडे. ह्याच्याहून मी मेली असती तर बरं होतं.

७ मे

हात कपाटाकडे जाते. पोरगी झोपली की हात सुई भरते. मी ओतून देते. हात परत भरते —

दोघींपैकी एकच राहू शकते पोरीजवळ. कोण, ते काय सांगायचं.

८ मे

ठरलं. मी जाऊन राह्यली. दार उघडं ठेवलं. संग ही रोजनिशी अन् पेन, बाकी काही नाई.

कुंपणाबाहेर उभी आहे. ती आली. आत गेली. पोरीचा दंड पाह्यला अन् हंबरडा फोडला. आता तेल लावून राह्यली, फुंकर घालून राह्यली. मी असीच होती. खरंच असीच होती मी.

जायले पाह्यजे. एकदा पाहून घेते. एकदाच —

तिले कुंपणाआड कोणी दिसलं. ओळखलं नाई तिनं मले. आता माहं तोंड माह्यासारखं राह्यलं नसन. गुलाबूले म्हणाली, कोणी बाई उन्हात उभी आहे, पाणी दे तिले. माया असीच येडी. कोणालेही पाणी देते. कोणाच्याही हाती —

गुलाबू लोटा घेऊन येऊन राह्यली.

लिहीत राह्यली की हात पेनात गुंतून राह्यते. म्हणून लिहून राह्यली. काहीही. वच्छला. वच्छला. गुलाबूची आई.

समोर आहे. घ्या ना बाई, म्हणते. बाई म्हणते मले. दंडावर तेल चमकून राह्यलं.

पळ म्हणायचं आहे. तोंडातून निघालं — ये.

आली. लोटा जड आहे म्हणते. दोन्ही हातानं धरा, पेन ठेवा म्हणते —

नाई ठेवत. नाई. जा गुलाबू, मी लिहून राह्यली, अजून लिहून राह्यली, पेन माह्या हातात आहे, पेन