ती गेल्यावर, म्हणजे बस

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. यापुढे 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे, आणि विनंती विशेष आहेही, पण ती शेवटी येईल. आधी शिव्या. तुझी दाढ कशी आहे? काढली, की त्या दंतवैद्याने नुसतीच हलवून ठेवली? सूज उतरली असेल तर हे पत्र सावकाश वाच. उतरली नसेल तरी वाच, कारण तुझ्या त्या दाढेपायी माझ्या घरात जे काही सुजलं आहे ते उतरायचं नाव घेत नाही. माझी प्रकृती ठीक. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, औषधाचे थेंब अजून दिवसातून चार वेळा घालायचे आहेत. (या थेंबांकडे लक्ष ठेव. पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यातच विरघळलेला आहे.) तुझी बहीण, म्हणजे माझी बायको, ठणठणीत आहे. हे वाक्य मी गेले बारा दिवस गावभर सांगत फिरतो आहे आणि कोणीही विश्वास ठेवायला तयार नाही.

तुझ्या स्मरणशक्तीचा भरवसा नाही म्हणून क्रमाने सांगतो. गेल्या महिन्यात तू दाढ दाखवायला इथे आलास. बहिणीचं घर दंतवैद्यापासून सात मिनिटांवर, पण तिकडे पाऊल टाकलं नाहीस. मला फोन करून बस-स्टँडसमोरच्या बाकावर बोलावलंस, आणि मी बसायच्या आधी माझ्याकडून शपथ घेतलीस की तू आल्याचं तिला कळता कामा नये. वय वर्षं एकाहत्तर, दोघांचंही. मी शपथ घेतली. चौथीत तू मला बाकाखालून उत्तरं पुरवायचास, तेव्हापासून तुझ्या शब्दाबाहेर जायची सवय लागलेली नाही, त्याची फळं भोगतो आहे.

तुमच्या भांडणात मी पडणार नाही असं मी तीन वर्षं म्हणत आलो. आज पडतो. तुमच्या आईचा एकच फोटो घरात होता, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले होते, कारण ती हसली की डोळे मिटायचे. तुला मोठा फोटो करून हवा होता. तू तो स्टुडिओत नेलास, आणि तिथल्या कलाकाराने सांगितलं की डोळे उघडून देतो, जास्त काम नाही. तू हो म्हणालास! महिन्याभराने चौकटीतून जी बाई बाहेर आली तिचे डोळे एखाद्या साबणाच्या जाहिरातीतल्यासारखे टपोरे. तुझी बहीण तो फोटो पाहून एवढंच म्हणाली, "या बाईंना मी ओळखत नाही." मूळ फोटो मागितला तर स्टुडिओवाल्याने त्याच्यावरच रंग चढवला होता. तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही आणि तू, चूक तुझी असून, तिच्याशी बोलत नाहीस. हे मला अजून कोणत्याही व्याकरणात बसवता आलेलं नाही.

असो. तर आपण बाकावर बसलो. समोरच्या टपरीवाल्याने कपबशीत चहा आणून दिला (काचेचा ग्लास न देणारा गावात तो एकच उरला आहे, म्हणून मी तिथे जातो). हवा छान होती, पलीकडे एक बाई गाठोड्यावर डोकं टेकून झोपली होती, स्टँडचं घड्याळ नेहमीप्रमाणे वीस मिनिटं पुढे होतं, आणि मला आपली चौथीची वाचनमाला आठवली. तो पिवळट कागद, तो डिंकाचा वास, नावाड्याचं ते चित्र, ज्याला तू मिशा काढल्या होत्यास. मी म्हणायला लागलो,

नावाड्या रे, वळव नाव ही,
सांज उतरली पाण्यावर,
कुणी राहिले मागे माझे,

आणि अडलो. चौथी ओळ मला येईना, तुला येईना. येणार कशी? त्या पानाचा खालचा कोपरा तूच फाडून त्याची होडी केली होतीस! नावाड्याच्या कवितेची होडी करणारा मुलगा मोठेपणी आईचे डोळे उघडून आणणार, हे मास्तरांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. ओळ शोधताना तू असा हसलास की तुला ठसका लागला. मग "बसची चौकशी करून येतो" म्हणून उठलास, अर्ध्या कपावर बशी उपडी घातलीस, आणि बस लागलेली दिसताच तसाच पळत जाऊन चढलास. हातसुद्धा हलवला नाहीस. मी चहा संपवला. चार वाजले होते, म्हणजे घड्याळात चार वीस, म्हणून खिशातून बाटली काढली, मान वर केली, दोन थेंब घातले आणि रुमालाने डोळा टिपू लागलो.

नेमकं तेव्हाच मलाही कोणीतरी टिपलं.

ही एक मुलगी आहे. खांद्यापर्यंत केस, पायात मळके बूट, गळ्यात कॅमेरा. गावोगाव हिंडते आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे, त्यांना कळू न देता, फोटो काढते. याला कला म्हणतात. आपल्या लहानपणी दुसऱ्याच्या घरात डोकावलं तर कान पिळत असत, हल्ली बक्षीस देतात. मी पस्तीस वर्षं नकाशा कचेरीत शाईने रेघा ओढल्या, टिपकागदाशी माझी आयुष्यभराची ओळख. टिपकागद ओली शाई टिपतो, चिमणी दाणे टिपते, शहाणा मनुष्य मुद्दे टिपून घेतो. ही बया म्हणे क्षण टिपते. टिपेना बापडी! पण टिपकागदावर अक्षर नेहमी उलटं उमटतं, हे कोणी तिला शिकवलं नसावं.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये फोटोंच्या स्पर्धेचं प्रदर्शन भरलं, त्यात तिनेही फोटो पाठवले. माझा फोटो पहिला आला. तो अडीच हात रुंद करून दारासमोरच लावला आहे. डावीकडे मी, डोळ्याला रुमाल, कोट बाहीला उसवलेला (तो कोट तुझ्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी टाकून द्यायला सांगितला होता, हेही उघडकीला आलं). माझ्या शेजारी बाकाची रिकामी जागा. त्या जागेवर बशीने झाकलेला एक कप. आणि खाली सुबक अक्षरात नाव: 'ती गेल्यावर'.

परीक्षकांनी लिहिलं आहे की झाकलेला कप हे मृत्यूचं मूक प्रतीक आहे. तू मृत्यूचं मूक प्रतीक! जन्मात तुला मूक कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. औषधवाल्याने थेंबांची बाटली देताना माझा हात धरून ठेवला. न्हाव्याने दाढी करताना विचारलं, "काकू एकाएकीच गेल्या का हो?" आणि वस्तरा गळ्यावर असल्यामुळे मला मान हलवता येईना, त्याने त्याचा अर्थ हो असा घेतला. बँकेतल्या बाईंनी मला रांगेतून पुढे घेतलं. (तेवढं मी घेतलं. खोटं कशाला बोलू?) शनिवारी तर कचेरीतला माझा जुना सोबती घरी आला. नकाशावरच्या सरहद्दीच्या तुटक रेघा तोच ओढायचा, म्हणून आम्ही त्याला 'तुटकरेघ' म्हणत असू. दार तुझ्या बहिणीने उघडलं. बिचारा दोन पायऱ्या मागे सरकला आणि तसाच उभा राहिला.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"तुम्ही," तो म्हणाला.

"मग आत या, बसा. गेले आहे, पण चहा करून देते."

चहा पिता पिता त्याने तिला प्रदर्शनाबद्दल सगळं सांगितलं. अगदी अखंड रेघेत. तिने पदर खोचला, वाचनालय गाठलं आणि अर्धा तास त्या फोटोसमोर उभी राहिली. मी जिन्यात थांबलो होतो. घरी आल्यावर चपला काढून म्हणाली, "मी मेले असं लोक म्हणतात त्याचं मला काही नाही. पण मी जिवंत आहे, तर तो दुसरा कप कोणाचा?"

आता सांग, मी काय सांगणार होतो? शपथ घेतलेली. मी म्हटलं, छत्री दुरुस्त करणाऱ्याचा. ती दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन गेली आणि विचारून आली. तो चहाच पीत नाही, त्याला पित्त होतं. मी म्हटलं, कोणी परका मनुष्य ठेवून गेला असेल. ती म्हणाली, "परक्याच्या उष्ट्या कपाशेजारी बसून रडत होतात?" रडत नव्हतो, थेंब होते, हे मी बाटली दाखवून सिद्ध केलं. मग तिने नावावर बोट ठेवलं: 'ती' कोण? तेव्हा मला एकदम सुचलं, आणि खरं तेच सुचलं, की अगं, ती म्हणजे बस! बस स्त्रीलिंगीच आहे! ती गेल्यावर, म्हणजे बस गेल्यावर. पस्तीस वर्षांत एवढं चोख व्याकरण मी कधी बोललो नव्हतो. तिने शांतपणे विचारलं, "मग बससाठी चहा मागवला होतात का?"

तेव्हापासून ती माझ्याशी कर्ता नसलेल्या वाक्यांत बोलते. "जेवण वाढलं गेलं आहे." "दिवा मालवला जावा." मी रोज संध्याकाळी आपण होऊन भांडी घासतो. ती पाहते, एक भांडं उचलून उजेडाकडे धरते आणि परत मोरीत ठेवते.

शेवटी मी त्या मुलीला गाठलं. म्हटलं, बाई गं, नाव बदल, माझी बायको आहे. ती खूश झाली. "अय्या, आहेत? किती छान! पण काका, 'ती' म्हणजे मी 'वेळ' म्हटलं होतं. ती निघून गेलेली वेळ." म्हणजे पाहा, एका सर्वनामापायी एकीला मारलं, एक बाई नसती उभी राहिली, आणि त्यातून निघालं काय, तर वेळ! मी आवाज चढवला, तशी तिची हनुवटी थरथरायला लागली. मग मीच तिला रुमाल दिला आणि माझ्या समोर तिने डोळे टिपले. (मी फोटो काढला नाही. सभ्यता म्हणून एक गोष्ट असते.) नाव बदलायचं तिने कबूल केलं नाही, पण जाताना एक पाकीट हातात ठेवलं. त्या दुपारी तिने आणखी एक फोटो घेतला होता. तो कोणी निवडला नाही, कारण त्यात म्हणे काही दुःख नाही.

पत्र लांबलं. टपालाची वेळ झाली. दाढेवर लवंग धर आणि गार पाणी टाळ. तुझ्या नातीला आशीर्वाद.

तुझा बाकावरचा सोबती,
आणि नाइलाजाने मेहुणा

ता. क. १ : आता विनंती विशेष. त्या दुसऱ्या फोटोत आपण दोघं आहोत. मी कवितेत आहे, हात हवेत. तू हसतो आहेस आणि तुझे डोळे मिटले आहेत. मी चष्मा बदलून बदलून पाहिला. अरे, ती आई आहे. मिशा वगळल्या तर हुबेहूब आई, बंद डोळ्यांची, जशी तुझी बहीण तीन वर्षं मागते आहे तशी. हा फोटो तिला मी देऊ शकत नाही, तो तूच आणून द्यायला हवास. शपथेतून मोकळं कर आणि येत्या रविवारी ये. मी तो शब्दकोशात 'टिपणे' या पानावर लपवला आहे, तिथे कोणी जात नाही.

ता. क. २ : आणि ती चौथी ओळ आठवली तर लिहून आण. झोप लागत नाही.

ता. क. ३ : हे पत्र मी तिच्या नजरेस पडू देणार नाही. फक्त पाकीट चिकटवायला देतो आहे, कारण एका डोळ्याने डिंक कुठे लागतो ते मला दिसत नाही.

दादा, पाकीट मी चिकटवते आहे. शब्दकोडं या घरात मी सोडवते, तेव्हा शब्दकोश कोण उघडतं ते यांना तेवढं कळायला हवं होतं. फोटो मंगळवारीच सापडला. बराच वेळ पाहत बसले. पण कप कोणाचा हे त्याच्याही आधी, वाचनालयातच कळलं होतं. अर्धा चहा सोडून उठताना कपावर बशी उपडी घालायची आईची सवय. आता ती जगात दोघांनाच आहे, आणि मी त्या दिवशी घरी होते. तरी विचारत राहिले, म्हटलं बघू या माझ्या भावासाठी हे किती दिवस खोटं बोलतात. बरेच बोलले. मला कळलंय हे यांना लगेच सांगू नकोस, भांडी आता कुठे नीट निघायला लागली आहेत.

तुम्ही दोघं ओसरीवर बसून घोकायचात आणि मी आत ऐकून पाठ करायचे. होडी तू केलीस, ओळ माझ्याकडे राहिली : 'हाक अडकली ओठांवर.'

रविवारी ये. बस उशिरा आली तरी चालेल, चहा झाकून ठेवते.