टेबलाची डावी बाजू

मॅडम,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आता तुमच्याच खुर्चीत बसते. बारामतीतलं तेच हॉस्पिटल, तोच प्रसूती विभाग, आणि एमबीबीएसनंतर पुढचं शिकायला आलेल्या पोरींची मी गाईड. आम्ही तुम्हाला चळाचळा कापायचो. आताच्या पोरी मला घाबरतात की नाही कोण जाणे, पण मी राउंडला आले की मोबाइल खिशात जातात, एवढं समाधान आहे. तक्रारीसाठी लिहीत नाहीये. आज सकाळी मी थिएटरमध्ये टेबलाच्या डाव्या बाजूला उभी राहिले, आणि ते सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही.

सिझेरियन करणारा पेशंटच्या उजवीकडे उभा राहतो, मदत करणारा समोर, डावीकडे. मी शिकायला आले तेव्हा डावी बाजू माझी आणि उजवी तुमची, हे मी गृहीतच धरलं होतं. मग तो दिवस. सणसरची पहिलटकरीण टेबलावर आहे, मी हात धुऊन, गाऊन घालून नेहमीच्या जागी उभी आहे. तुम्ही येता, टेबलाला वळसा घालता आणि मला कोपरानं ढकलता. "हो तिकडं." एरवी आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायचात, पण थिएटरमध्ये शिरलात की तुमच्या तोंडी तुमचं इंदापूर यायचं. मी म्हणते, "मॅडम, मी?" तुम्ही म्हणता, "न्हाय, तुझी आजी. हो म्हणते ना तिकडं." सिस्टर मास्कआडून हसते. बाळ रडलं तोवर सगळं छान होतं. मग गर्भाशयाच्या कापाच्या कोपऱ्यातून रक्त यायला लागलं आणि मी सुई तुमच्यापुढे धरली. तुम्ही ती घेतली नाहीत. मॉपची जाड कापडी घडी ठेवून ती जागा नुसती दाबून धरलीत आणि म्हणालात, "मी दाबलंय. कुठं पळून जात न्हाय ते. सावकाश घाल." मी टाका घातला. कसा घातला ते विचारू नका.

त्या बाईला रक्त चढवावं लागलं. बाहेर तिचा सासरा तावातावानं उभा होता. "आमच्या सुनंवर शिकवत हुता व्हय तुमी?" मला वाटलं, आता तुम्ही माझ्याकडे बोट दाखवणार. तुम्ही माझ्या पुढे येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "व्हय आबा, शिकवत हुते. पण तिच्या समोर मी उभी हुते. काय इचारायचं ते मला इचारा. सून ठीक हाय, नातू ठीक हाय. या, दाखवते." म्हातारा मऊ पडला. आत आल्यावर मात्र तुम्ही मला धुऊन काढलंत. दुसरा टाका सैल, गाठ बावळटासारखी, लक्ष कुठे होतं! आणि बोलता बोलता तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवलीत. मी रडत रडत ती खाल्ली.

आता माझ्याकडे शेवटच्या वर्षाची एक मुलगी आहे. वडील लोणी देवकरला कारखान्यात कामाला आहेत, घराण्यात ही पहिलीच डॉक्टर. हात चांगला आहे तिचा. पण जरा रक्त दिसलं की मी "दे इकडं" म्हणते आणि तिच्या हातातली सुई काढून घेते. टेबलाची बाजू बदलून देणं तर दूरच. परवा कॅन्टीनमध्ये तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि मान खाली घालूनच म्हणाली, "मॅडम, परीक्षा झाली की मी इंदापूरला प्रॅक्टिस करणार आहे. तिथं रक्त आलं तर सुई कुणाकडे देऊ?" मी फटकन म्हणाले, "आधी पास तर हो." पण तिचं खरं होतं. तिथे तिच्या समोर फार तर एक सिस्टर असेल, आणि टेबलावर कुणाची तरी लेक. मी माझ्या पेशंटला जपत होते, आणि हिच्या पुढच्या सगळ्या पेशंटना वाऱ्यावर सोडत होते.

म्हणून आज तिला म्हणाले, "हो तिकडं." ती दचकलीच. मूल आलं, आणि नेमका डावा कोपरा वाहू लागला. माझा हात सुईकडे गेलाच होता, मॅडम. तो कसाबसा वळवून मी मॉपवर दाबला. पहिला टाका निसटला. जिभेवर आलेलं "दे इकडं" मी गिळलं. तिनं वर पाहिलं, माझ्या डोळ्यांत काय दिसलं कुणास ठाऊक, पुन्हा सुई घातली आणि गाठ मारली. मी मॉप उचलला तर जागा कोरडी. इतकी सुंदर गाठ मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

गाऊन उतरवताना तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही किती शांत होता. तुम्हाला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "सवय होते." आणि पाठ फिरवली, कारण हातमोजे काढले तर आतून बोटं घामानं निथळत होती. तेव्हा मला मास्कच्या वरचे तुमचे डोळे आठवले. त्यांत कधीच काही हललेलं मी पाहिलं नाही. तुम्हाला भीती शिवत नाही असं मी धरून चालले, आणि मला ती वाटते म्हणून इतकी वर्षं स्वतःला कच्ची समजत राहिले. तुम्हीही घाबरला होतात ना? मग एकदा तरी बोलायचंत. आज पहिल्यांदाच तुमचा राग आला, आणि तुमच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, ते मलाही कळतं. ती पोरगी खाली वॉर्डातच आहे. तिला खरं सांगायला एक जिना उतरायचा होता. मी इथे तुम्हाला लिहीत बसले.