संस्थानी पिकपचा उठाव

बुधवारा, बऱ्हाणपूर
माघ वद्य नवमी, सन १९४९

तीर्थरूप मालूअक्काच्या पायांवर दत्तात्रयाने डोकं ठेवलं आहे असं समजावं. (जरा हळूच ठेवलं आहे, कारण कपाळाला पट्टी आहे. तिची हकिकत पुढे येईलच.) इकडे सर्व खुशाल. तुझे गुडघे थंडीत कसे आहेत? भाऊजी अजून दह्याशिवाय जेवत नाहीत का? रात्रभर खोकायचं आणि सकाळी पुन्हा दह्याची वाटी पुढे ओढायची, या हट्टाला रावेरात औषध मिळत नसेल तर इथून काढा पाठवतो. पत्राला खास कारण असं काही नाही. बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं, एवढंच.

शारदाला मुलगा झाला हे तुला कळवलंच होतं. बारसं लांबलं ते का, हे मात्र कळवलं नव्हतं. लांबलं ते नावावरून. मी म्हणतो मधुकर. सुंदर नाव आहे, हजेरीत शोभेल, पुढे कचेरीच्या पाटीवर शोभेल. आणि देडतलाईचे आमचे व्याही चुडामण पाटील म्हणतात, सुपडू! अक्का, तूच सांग. पहिला नातू दोन वर्षांपूर्वी गेला (त्याबद्दल इथे लिहीत नाही), तेव्हापासून विहीणबाई गोदाबाईंनी मनाशी धरलं आहे की पुढचं पोर सुपात घालायचं आणि सुपडू म्हणून हाक मारायची, म्हणजे टाकाऊ जिन्नस समजून त्याच्यावर कोणाची नजर जात नाही. मी त्यांच्याशी काय बोलणार? सुपडू या नावाखाली चौथीपर्यंत मी काय भोगलं ते तुला ठाऊक आहे. सगळा वर्ग मधल्या सुट्टीत म्हणायचा, सुपडू, एवढे शेंगदाणे पाखडून दे रे. पाचवीत मास्तरांच्या पाया पडून दत्तात्रय झालो, आणि आज बुधवाऱ्यात एकाही माणसाला माझं जुनं नाव माहीत नाही. (सौ.ला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही तुझ्या तोंडून. मी विसरलेलो नाही.)

आता पिकप. तुला हे प्रकरण माहीत नसेल. पुढून मोटार आणि मागून छकडा अशी ती गाडी असते. पलीकडचं ते चिमुकलं संस्थान गेल्या साली विलीन झालं, तेव्हा हुजुरांचा मोटारखाना विकायला निघाला. त्यातली शिकारीच्या वेळी आचारी आणि पातेली वाहणारी पिकप मी केळीच्या अडतीसाठी घेतली. घड स्टेशनावर लवकर पोचावेत, हा हेतू. गाडी दणकट आहे, रंगही अजून शाबूत आहे, पण तिला उठाव म्हणून नाही. सुरू केली की आधी घसा साफ करते, मग विचार करते, मग एखादी म्हातारी देवळाच्या पायऱ्या चढावी तशी निघते. पेट्रोल कुपनावर मिळतं, त्यातलं निम्मं तिच्या विचार करण्यातच जातं.

बाळाला बघायला पाटील मंडळी दहाव्या दिवशी आली. मी थाटात त्यांना आणायला पिकप घेऊन खकनारच्या रस्त्यावर गेलो. तर पाटील आपल्या दमणीतून उतरायला तयार होईनात. त्यांची शंकरपटाच्या शर्यतीत धावणारी बैलजोडी आहे, एकाचं नाव कलेक्टर आणि दुसऱ्याचं तहसीलदार. पाटलांनी नुसती जीभ टाळूला लावून आवाज केला, आणि माझी गाडी घसा साफ करते आहे तोवर कलेक्टर आणि तहसीलदार वळणाआड गेलेसुद्धा. संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांदेखत पाटील म्हणाले, "याहीबुवा, तुमची मोटार म्हंजे ठकुराइन हाये. पहिले मान द्या, मग चालते." माझं डोकं तापलं. त्यात नावाचा विषय निघाला. तापल्या डोक्याने मी बोलून गेलो की देडतलाईच्या पटावर तुमची जोडी आणि माझी पिकप, एका जागेवरून, एका इशाऱ्यावर सुटतील; जो आधी पोचेल तो नातवाचं नाव ठेवेल. दोघांनी आपापलं वाहन स्वतः हाकायचं. सौ. आतून भांडी आपटत होती, पण शब्द गेला तो गेला.

दुसऱ्याच दिवशी राजपुऱ्यातल्या निंबा मिस्त्रीला गाठलं. तो गाडीभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, "शेठजी, गाडीत खराबी काहीच नाही, बस वजन जास्ती आहे." वजन काढायचं ठरलं. पण फरक पडतो की नाही हे कळायला वेळ मोजायला हवा, आणि सेकंद मोजणारं घड्याळ आमच्यात कोणाकडे असणार? तेव्हा पेन्शनीत निघालेले विनायकराव मास्तर पुढे झाले. चाळीस वर्षं त्यांनी पोरांकडून औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, घोकून घेतली आहे. त्यांचं म्हणणं, माझ्या औटकीची चाल घड्याळाच्या काट्यापेक्षा पक्की. मग मास्तरांनी माझ्या शेजारी बसायचं, राजपुऱ्याच्या दरवाजापाशी "एक औट औट" म्हणून सुरुवात करायची आणि गाडी पिंपळाला पोचली की थांबायचं. पहिल्या दिवशी पिंपळ आला तेव्हा मास्तर "अठरा औटे त्रेसष्ट" वर होते. निंबाने दोन्ही दारं काढली. पिंपळ आला तो "चोवीस औटे चौऱ्याऐंशी" ला! निंबा चक्रावला. त्याने बॉनेट, दिवे, भोंगा आणि मागची फळी उतरवली. "तीस औटे एकशे पाच"! अक्का, जितकं काढावं तितकी गाडी मंद होत होती. शेवटी बसायची गादी काढून मी देवघरातल्या पाटावर आणि मास्तर उलट्या पाटीवर बसू लागलो, तेव्हा तर मास्तर एकशे बाराच्या पुढे गेले. असे बारा दिवस गेले. मला झोप येईना. स्वप्नात नातू शाळेत उभा, आणि सगळा वर्ग हातात शेंगदाणे घेऊन.

कोडं उलगडलं ते शारदामुळे. बाळाला मांडीवर घेऊन ती ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "बाबा, मास्तरांकडे बघा ना." बघितलं. मास्तरांचे डोळे घट्ट मिटलेले, एका हातात शेंडी, दुसऱ्या हातात माझं उपरणं. दार गेल्यापासून रस्ता त्यांच्या मांडीला लागून धावत होता आणि भीतीने त्यांची औटकी चौखूर उधळत होती. खात्रीसाठी निंबाने गाडी उभीच ठेवून नुसतं इंजिन घुमवलं, तर मास्तर बसल्या जागी पन्नास औट्यांच्या पार गेले. म्हणजे गाडी किती सुधारली, सुधारली की नाही, हे सांगणारा जगात कोणी नव्हता, आणि शंकरपट दुसऱ्या दिवशी सकाळी होता.

पटावर देडतलाईच काय, आजूबाजूची चार गावं लोटली होती. कलेक्टर आणि तहसीलदार अंगावर झूल घालून उभे, आणि शेजारी माझी पिकप, जिच्या अंगावर लाज राखण्यापुरता पत्रा उरला होता. (तिथवर ती निंबाने पेट्रोल वाचवत, दांडीला जेमतेम पाय लावत आणली होती.) मास्तर हट्टाने बरोबर बसले (विद्यार्थी मधे सोडत नाही म्हणाले). इशारा झाला. बैल सुटले, दहा कासरे पुढे गेले, आणि मी देवाचं नाव घेऊन पायाखालची दांडी दाबली. अक्का, रोज ती दांडी अंगठाभर जाऊन थांबायची. त्या दिवशी ती थेट तळाला गेली. पिकपने घसा साफ केला नाही, विचार केला नाही, उडी मारली. माझा पाट मागे सटकला, मी उताणा झालो, पाय मात्र दांडीवरच राहिला. आकाश, झाडाचे शेंडे आणि मास्तरांचा तळपाय एवढंच मला दिसत होतं. औटकी सोडून मास्तरांनी रामरक्षा धरली होती. शेवटची रेघ केव्हा गेली कळलंच नाही. पुढे विहिरीखालची पाटलांची केळीची बाग होती. चौदा केळी आडव्या झाल्यावर गाडी अलगद थांबली, आणि पंधराव्या केळीचा घड माझ्या कपाळावर उतरला.

पाटील बैल सोडून धावत आले. बागेकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला काखेत धरून उठवलं आणि म्हणाले, "लागलं तं नाही ना, याहीबुवा? जितले तुम्ही. आता तुम्ही म्हणसान ते नाव." चार गावांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडत होतो, तेवढ्यात गर्दीत गोदाबाई दिसल्या. त्यांनी पदराखाली काहीतरी धरलं होतं, आणि पदर सरकला तेव्हा कोपरा दिसला. नवंकोरं सूप होतं. त्यांनी पदर नीट केला आणि घराकडे वळल्या. तो कोपरा तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, पण ते असो.

दांडी तळाला कशी गेली, हे घरी आल्यावर कळलं. त्या पहाटे गाडी निघण्याआधी पाळण्याचा एक खूर डुगडुगत होता, म्हणून सौ.ने पिकपमध्ये धुंडाळून दांडीखालून एक सागवानी ठोकळा उपटला होता. (बारा दिवस आम्ही सगळी गाडी सोलली, तो ठोकळा तेवढा मोटारीचा अवयव समजून कोणी हलवला नाही.) त्यावर मोडीत काही कोरलेलं होतं. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं: "हुजुरांचे मागे राहणे." आचाऱ्यांची गाडी हुजुरांच्या पुढे जाऊ नये म्हणून संस्थानने तो ठोकला होता. संस्थान विलीन झालं, ठोकळा तेवढा राहून गेला होता. आता तो पाळण्याखाली आहे आणि पाळणा अजिबात हलत नाही.

तर मी जिंकलो. बारसं येत्या गुरुवारी आहे. भाऊजींना घेऊन नक्की ये. लहानांस आशीर्वाद, आणि तुझ्या म्हशीलाही माझ्यातर्फे चार पेंढ्या घाल.

तुझा धाकटा भाऊ,
दत्तात्रय

ता. क. स्टेशनावर न्यायला पिकप पाठवत नाही, टांगा करावा. दारं कोठीला लावली आहेत, गादीवर मास्तर झोपतात, आणि बॉनेटवर सौ. पापड वाळवते. सध्या काही परत मागायची माझी टाप नाही.

ता. क. दुसरा. अक्का, आज बाळाचा एकतिसावा दिवस. पहिला एकतिसाव्या दिवशीच गेला होता. पहाटेपासून मी पाळण्यापाशी बसून आहे. हे सगळं पत्र तिथेच बसून लिहिलं, हात रिकामा राहू नये म्हणून. दुपारी त्याला उचकी लागली. घोटभर दूध पिऊन थांबलीही. पण तेवढ्या वेळात मी काय केलं सांगू? आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्याच्या कानात म्हटलं, सुपडू, ए सुपडू. एकदा नाही, तीनदा. सौ. दारात उभी होती. ती डोळे पुसून आत गेली.

ता. क. तिसरा, आणि हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस. आईचं जुनं सूप तुझ्याकडे आहे, ते येताना आण. कोणी विचारलं तर तांदूळ आणलेत म्हण. गोदाबाईंना निरोप धाडला आहे की बाळाला सुपात तुमच्याच हातांनी घालायचं. त्यांचं सूप नवं आहे, त्याचा अजून कोणाला अनुभव नाही. आपल्या सुपात घातलेलं पोर त्रेपन्न वर्षांचं होऊन तुला पत्र लिहितं आहे. शाळेत घालताना मधुकर लिहू, तोवर तो चांगला दांडगा झालेला असेल. आणि अक्का, सूप आहे तसंच आण, धुऊ बिऊ नकोस. त्यातल्या कशाने काम केलं कोण जाणे.

तुझा,
सुपडू